कुत्रं सोप्यात, परड्यात की घरात? कोल्हापूरच्या हवेत जागा कशी ठरवायची

पिल्लू आणायचं ठरलं की आपल्याकडं पहिला वाद जागेवरून होतो. पोरांना ते गादीवर हवं असतं, आई म्हणते सोप्यापर्यंत ठीक, आणि आजीचं म्हणणं पक्कं असतं: "कुत्र्याची जागा दारात. आत घेतल्यावर राखण कोण करायची रं?" वाद तसाच राहतो, पिल्लू वाढत जातं, आणि शेवटी परड्यातल्या झाडाला साखळीनं बांधलं जातं. जागा ठरवून दिलेली नसते म्हणून ती अशी आपोआप ठरते.

माझं मत आधीच सांगतो. कुत्र्यानं रात्री माणसांच्या घरात झोपावं, दिवसा त्याला आत-बाहेर करता यावं, आणि साखळी थोड्या वेळाच्या कामापुरतीच असावी. कुत्रं हे कळपातलं जनावर आहे आणि त्याचा कळप म्हणजे तुमचं घर. मोठं आवार दिलं म्हणून त्याचं भागत नाही; एकटं सोडलं तर ते गेटपाशी बसून तुमची वाट बघतं. पण मळ्यातल्या वस्तीवर किंवा दोन खोल्यांच्या घरात हे जसंच्या तसं जमत नाही, हेही खरं. म्हणून क्रमानं बघू.

पहिली पायरी: आधी कुत्रं नीट बघा

सगळ्या कुत्र्यांना एकच नियम लागत नाही. अंगावरचे केस, थोबाडाची लांबी, वय आणि वजन या चार गोष्टी बघा.

पग, बुलडॉग, शिह त्झू अशी चपट्या तोंडाची कुत्री बाहेर ठेवायचा विचारच करू नका. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. चपट्या नाकातनं हवाच पुरेशी जात नाही, त्यामुळं एप्रिलमधली एक दुपार त्यांच्या जिवावर बेतू शकते. हस्की आणि सेंट बर्नार्ड बर्फाळ मुलखातली. हौसेपोटी इथं आणली जातात आणि उन्हाळाभर हाल सोसतात. माझं ऐकाल तर ही जात आणूच नका. आणलीच असेल तर ती पूर्णपणे घरातली.

मुधोळ आणि कारवानबद्दल आपल्या भागात मोठा गैरसमज आहे. मुधोळ इथनं फार लांब नाही, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं. शिकारी कुत्रं म्हटलं की लोक म्हणतात, "त्याला काय होतंय, रानातलं हाय." ऊन आणि धावणं त्याला मानवतं हे खरं. पण त्याच्या कातडीखाली चरबी जवळपास नसते आणि केस एकदम बारीक असतात. डिसेंबर-जानेवारीत उसाच्या पट्ट्यात पहाटे जो गारठा पडतो, तो त्याला सोसत नाही. कडक फरशीवर झोपून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात, पुढं जखमा होतात. त्याला मऊ अंथरूण आणि भिंतींचा आडोसा लागतोच.

जर्मन शेफर्ड आणि लॅब्रेडॉरला दुहेरी केस असतात. त्यांना थंडीचं काही नाही, पण उन्हाळा आणि दमट पावसाळा जड जातो. ओलसर केसांच्या मुळाशी कातडी लाल होऊन चिघळते आणि वरनं ते दिसतही नाही. आपलं गावठी कुत्रं या सगळ्यांत चिवट. इथल्या हवेला ते पिढ्यान्‌पिढ्या सरावलंय. तरीही भर पावसात तेच कुत्रं दुकानाच्या पायरीवर अंग चोरून बसतं, ते आडोसा हवा असतो म्हणूनच.

चार महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि म्हातारं कुत्रं, जात कुठलीही असो, आतच ठेवा. पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि ज्या परड्यात भटकी कुत्री येऊन जातात तिथली माती पिल्लासाठी सुरक्षित नसते.

दुसरी पायरी: जागा तिन्ही ऋतूंत तपासा

लोक जागा बघतात ती सकाळी किंवा संध्याकाळी. तुम्ही मे महिन्यात दुपारी दोन वाजता बघा. कुत्र्याला जिथं ठेवणार तिथं स्वतः अनवाणी उभे राहा आणि मग दहा मिनिटं खाली बसा. पत्र्याच्या शेडखाली किंवा सिमेंटच्या गच्चीवर तुम्हाला बसवलं नाही, तर ते ठिकाण बाद. "सावली आहे की" एवढ्यानं भागत नाही. पत्रा सावली देतो आणि खालची हवा भाजून काढतो. त्यापेक्षा सोप्यातली शहाबादी फरशी कितीतरी बरी. दुपारी कुत्रं स्वतःच तिथं पोट टेकून पडतं.

कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. जोरजोरात धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी ही उष्माघाताची लक्षणं. असं दिसलं तर आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. नळाचं पाणी पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पायांवर ओतत राहा, पंखा लावा. ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका. कुत्रं सावरल्यासारखं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवाच, आतली इजा नंतर कळते.

पावसाळा आपल्याकडं जास्त दिवस छळतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत परडं कोरडं असं होतच नाही. पंजांच्या बेचक्यांत बुरशी धरते, कान पिकतात, डास चावतात. त्यात उंदीर बिळातनं बाहेर पडतात. त्यांच्या लघवीतनं लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यात उतरतो आणि कुत्र्याबरोबर माणसालाही होतो. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला याची लस दर वर्षी हवीच. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडच्या पावसात तर बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे निव्वळ छळ. तिथं या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी आणि दिवाळीतले फटाके हाही एक ऋतूच धरा. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. बांधलेलं कुत्रं घाबरून साखळीला झटके देतं, गळा कापून घेतं. सुटलेलं कुत्रं पळत सुटतं आणि दोन पेठा ओलांडून कुठंतरी सापडतं, सापडलं तर. त्या दिवसांत त्याला घरातल्या सगळ्यांत आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा, आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर आधीच लिहून घ्या.

तिसरी पायरी: राखणीचा प्रश्न सोडवा

आजींचा मुद्दा उडवून लावू नका, तो खरा आहे. शेजारी चोरी झाली की सगळ्यांनाच राखणीचं कुत्रं हवं असतं. पण राखण म्हणजे नेमकं काय, ते बघा. कुत्र्याचं काम वेळेत सांगणं. दाराच्या आत झोपलेलं कुत्रंही गेटच्या कडीचा आवाज ऐकतं आणि भुंकतं, आणि ते ऐकून तुम्ही लगेच उठता. परड्यात बांधलेलं कुत्रं मांजर, घूस, रस्त्यावरची कुत्री अशा सगळ्यांवर रात्रभर भुंकतं. महिन्याभरात घरचे आणि शेजारी कान बंद करून झोपायला शिकतात. मग खरंच कुणी आलं तरी उठतो कोण? शिवाय बाहेरच्या कुत्र्याला कुंपणावरनं विष घातलेला तुकडा टाकणं सोपं असतं.

बिबट्याचा धोका वेगळा सांगायला हवा. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या भागांत उसाच्या कडेला घर असेल तर बांधलेलं कुत्रं बिबट्याला आयतं मिळतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्याच मुलखात, बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे राखणीसाठी अंगणात बांधलेलं कुत्रं बिबट्याला तुमच्या दारापर्यंत आणतं. ज्या अंगणात लहान पोरं खेळतात तिथं हे कुणालाच नको असणार. अशा ठिकाणी रात्री कुत्रं बंद खोलीत किंवा पक्क्या दाराच्या गोठ्यात घ्या आणि उरलेलं अन्न बाहेर टाकू नका.

चौथी पायरी: साखळी सोडवा

सतत बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, यात नवल काही नाही. घाबरलं तर त्याला पळता येत नाही, म्हणून ते चावणं शिकतं. मग घरातले म्हणतात, "चावरं हाय, सोडू नका," आणि ते आणखी बांधलं जातं. हा फेरा तोडायचा तर रोज सकाळ-संध्याकाळ मिळून किमान तासभर फिरवणं हाच मार्ग. रंकाळ्याच्या कडेनं, पोलो मैदानाजवळ, नाहीतर आपल्याच गल्लीत, कुठंही चालेल. त्याला वास घेत घेत चालू द्या. नुसतं ओढत नेलं तर पाय दमतात, डोकं तसंच राहतं.

कायदाही इथं स्पष्ट आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं कलम ११ सांगतं की जनावराला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं बांधणं ही क्रूरता आहे. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही, तर तोही त्याच कलमाखाली गुन्हा. पुरेसं अन्न, पाणी, आसरा न देणंही त्यात येतं.

बांधावंच लागलं तर गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. दोरी अशा ठिकाणी अडकवा की कुत्रं पायरीवरनं किंवा कठड्यावरनं उडी मारून लटकणार नाही. असे मृत्यू होतात. गळपट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला बघा, तो मांसात रुततो आणि केसांमुळं दिसत नाही.

पाचवी पायरी: बाहेरच ठेवायचं असेल तर खोपट कसं असावं

गोठ्यावर, गुऱ्हाळावर, मळ्यात कुत्रं बाहेर राहणारच. तिथं खोपट नीट बांधा, त्याला वीट-सिमेंटचा हजारोंचा खर्च लागत नाही.

कुत्र्याची नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मोजा, त्यात चौथा हिस्सा वाढवा. ती झाली खोपटाची लांबी. उंची डोक्याच्या वर चार बोटं. आत त्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. त्याहून फार मोठं केलं तर थंडीत ऊब धरत नाही. तळ जमिनीपासून वीतभर उचला, चार कोपऱ्यांना विटा आणि वर फळी एवढं पुरतं. आपल्याकडं पावसाची झड पश्चिमेकडनं येते, म्हणून दार पूर्वेला ठेवा. छप्पर पत्र्याचं असेल तर त्यावर उसाचा पाला जाड थरानं घाला आणि पावसाळ्यात त्यावर ताडपत्री ताणा. अंथरायला थंडीत पिंजर चालतं, पण पावसाळ्यात ते कुजतं आणि गोचिडांचं घर बनतं. तेव्हा नवारीची किंवा प्लास्टिक पट्ट्यांची बाज आणि वर धुता येणारं पोतं घाला. दोन पोती ठेवा, एक वाळत एक वापरात.

पाण्याचं भांडं जड दगडी किंवा मातीचं, सावलीत, दिवसातनं दोनदा धुऊन भरलेलं. खोपट उसाच्या बांधाला चिकटून नको. तिथं उंदरांमागं घोणस आणि नाग येतात. कुत्र्याच्या थोबाडाला किंवा पायाला अचानक सूज आली आणि ते निस्तेज झालं, तर चिरा देणं, दोरी आवळणं असलं काही न करता, त्याला चालायला न लावता उचलून गाडीत घाला आणि दवाखान्यात न्या. माणसाला देतात तेच सर्पविषावरचं औषध कुत्र्यालाही लागू पडतं. शेतातली उंदराची गोळी आणि फवारणीचे डबे कुत्र्याच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका. बंगल्याच्या बागेत सायकस आणि कण्हेर असेल तर पिल्लू तिकडं जाणार नाही असं कुंपण करा, दोन्ही विषारी आहेत.

सहावी पायरी: बाहेरचं कुत्रं आत आणायचं कसं

इथं लोक घाई करतात. एका रात्री आत घेतात, कुत्रं येरझाऱ्या घालतं, कोपऱ्यात पाय वर करतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परड्यात. दोन-तीन आठवडे मनाशी धरून चला.

आत आणण्याआधी डॉक्टरांकडनं तपासणी, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध आणि रेबीजची लस उरकून घ्या. मग एकच खोली निवडा, शक्यतो सोपा. त्यात एका कोपऱ्यात त्याचं अंथरूण, रोज त्याच जागी. पहिले दोन-तीन दिवस फक्त संध्याकाळी, फिरून आणि लघवी करून आल्यावर, तासभर आत घ्या. पट्टा अंगावरच राहू द्या, म्हणजे ते सोफ्यावर चढलं तर ओरडावं लागत नाही, हळूच खाली घेता येतं. अंथरुणावर बसलं की लगेच खाऊचा तुकडा द्या आणि "जागेवर" हा एकच शब्द वापरा. घरात प्रत्येकानं वेगळा शब्द वापरला तर त्याचा गोंधळ उडतो. हळूहळू वेळ वाढवा आणि मग रात्र. पहिल्या रात्री त्याचं अंथरूण तुमच्या झोपण्याच्या जागेजवळ ठेवा. माणसाचा श्वास ऐकू आला की बहुतेक कुत्री शांत होतात.

लघवीचं शिकवणं वाटतं तेवढं अवघड नाही. झोपेतनं उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर बाहेर न्या. बाहेर केलं की तिथंच, त्याच क्षणी शाबासकी. घरात केलं तर नाक घासणं, मारणं याचा उपयोग शून्य. ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, मग पलंगाखाली जाऊन करतं. पिल्लाचं गणित सोपं: जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते दम धरू शकतं. घरात झालेली जागा आधी पाण्यानं, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसा. अमोनियाचा वास असलेलं क्लीनर वापरू नका, त्याला तो लघवीचाच वास वाटतो.

स्वयंपाकघर आणि देवघराचा उंबरा त्याला बंद ठेवता येतो, आणि ठेवावा. आजी-आजोबांचा मान त्यात राहतो. उंबऱ्यापाशी "थांब" म्हणायचं, थांबलं की अलीकडंच खाऊ टाकायचा, पलीकडं कधीच नाही. महिन्याभरात ते स्वतःहून रेषेवर थांबतं. उंबऱ्याबाहेर शहाण्यासारखं बसलेलं कुत्रं बघून विरोध करणारी किती आजीमंडळी विरघळली आहेत! पुढं तांबड्या रश्शातलं हाडूक त्याला गुपचूप द्यायला पहिली पुढं होते तीही आजीच. ते मात्र प्रेमानं थांबवा. शिजलेलं हाडूक फुटून आतड्यात रुततं, आणि रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. फोडणीआधी बाजूला काढलेलं बिनमिठाचं, बिनहाडकाचं मटण भाकरीत कुस्करून दिलं तर चालेल.

तान्हं बाळ आणि कुत्रं एका खोलीत एकटं सोडू नका, कुत्रं कितीही गरीब असलं तरी. मोठ्या पोरांना दोन नियम पाठ करून घ्या: खाताना आणि झोपलेलं असताना हात लावायचा नाही.

सातवी पायरी: गोचीड

"आत घेतलं तर घरभर गोचीड होतील" ही भीती रास्त आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घराच्या भिंतींच्या फटींतही अंडी घालते, आणि एक मादी हजारांनी घालते. म्हणून कुत्रं आत असो वा बाहेर, डॉक्टरांनी दिलेलं मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी तारखेनुसार चालू ठेवा. गोठ्यातल्या जनावरांचं किंवा फवारणीचं औषध अंदाजानं कुत्र्याला चोळू नका. ते चाटून कुत्री मरतात, आणि परमेथ्रीन असलेलं औषध घरातल्या मांजरासाठी जीवघेणं असतं. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि बोटांनी चिरडू नका. फिरून आल्यावर कानामागं, पंजांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवा. ताप, खाणं सोडणं, फिक्या हिरड्या, नाकातनं रक्त किंवा कॉफीच्या रंगाची लघवी यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. गोचीडतापात दिवस घालवले की कुत्रं हातचं जातं.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतनं एकदा पुरे. रोज ब्रश आणि पावसाळ्यात पंजे पुसून कोरडे करणं याचा उपयोग जास्त होतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: गॅलरी म्हणजे "बाहेर" नव्हे, तिथं दिवसभर बंद केलेलं कुत्रं परड्यातल्यापेक्षाही एकटं असतं. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळानं २०१५ च्या सूचनांमध्ये सांगितलंय. पण त्याची घाण उचलणं आणि जिन्यात पट्टा लावणं ही तुमची जबाबदारी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दर वर्षी. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या कुत्र्यानं कुणाला चावलं वा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही भरू नका.

पुराची तयारी

कोल्हापुरात कुत्र्याची जागा ठरवताना पंचगंगा विसरून चालत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ आपण बघितलंय. घर सुतारवाडा, शाहूपुरी, चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठावर असेल तर खोपट नेहमी उंचवट्यावर बांधा आणि त्यात पक्की साखळी ठोकूच नका. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला आलं की कुत्र्याला घरात घ्या. पट्टा, दोन-तीन दिवसांचं कोरडं खाणं, तोंडाला बांधायची मुसकी आणि लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराला अडकवा. निवारा केंद्रावर कुत्रं घेतील का, हे पावसाळ्याआधीच ग्रामपंचायतीत किंवा वॉर्डात विचारा. नसेल तर उंचावरच्या पै-पाहुण्यांकडं आत्ताच शब्द टाका.

आणि काही कारणानं कुत्र्याला नेताच आलं नाही, तर गळ्यातली साखळी काढा, गेट आणि जिन्याचं दार उघडं टाका. मोकळं कुत्रं गच्ची गाठतं, पोहतं, छपरावर चढतं. बांधलेल्याला पाणी वर येताना फक्त बघत बसावं लागतं. पाणी ओसरल्यावर परत आलात की त्याला लगेच परड्यातल्या गाळात सोडू नका. आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, जखमा बघा, लेप्टोच्या लसीची तारीख तपासा, आणि गाळ उपसून जमीन कोरडी होईपर्यंत त्याची पथारी सोप्यातच ठेवा.